ऐंशीच्या दशकातले रसिकप्रिय अल्बम आणि घरातला कॅसेटचा खोका

अमळनेरच्या एका वाचकाने विचारले आहे की, वडिलांच्या कपाटात ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटचा खोका सापडला असून त्यात गझला, इंग्रजी पॉप, मराठी गाणी आणि काही नाव न लिहिलेल्या कॅसेट अशी सगळी सरमिसळ आहे. तेव्हा त्या काळच्या रसिकांना खरोखर आवडलेले अल्बम कोणते समजावेत, त्यातले आधी काय ऐकावे आणि जपून काय ठेवावे. मी जळगावात त्या काळी कॅसेट विकल्या, गिऱ्हाइकांनी दिलेल्या चिठ्ठीनुसार गाणी भरून दिली आणि आता लोकांच्या जुन्या कॅसेटचे डिजिटल रूपांतर करून देतो. त्यामुळे माझे उत्तर समीक्षकांच्या याद्यांवर बेतलेले नसून, कोणती कॅसेट किती वाजली हे तिच्या फितीवरून जे कळते त्यावर बेतलेले आहे.

गाजलेला अल्बम आणि आवडता अल्बम हे दर वेळी एकच नसतात, आणि हा फरक कॅसेटवर स्पष्ट दिसतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडला, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला, घासत जाते आणि प्रत्येक फेरीत तिच्यावरचा चुंबकीय थर किंचित झिजतो. ही झीज आधी वरच्या स्वरांना लागते. झांज, संतूर आणि गायकाचा ‘स’ हे बोथट होऊ लागतात, तर तबल्याचा डग्गा आणि बास बराच काळ शाबूत राहतात. एकच गाणे पुन्हा पुन्हा मागे फिरवून ऐकलेले असेल, तर नेमकी त्याच्या सुरुवातीला फीत चुरगळलेली किंवा ताणलेली सापडते. खान्देशात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली राहिलेली कॅसेट न वाजवताही खराब होते, म्हणून ध्वनी बोथट असला की ती लाडकीच होती असे म्हणता येत नाही. आवरणावरची छपाई बोटांनी पुसली गेली आहे का आणि फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची गादी दबली आहे का, हेही पाहावे लागते.

या कसोटीला माझ्याकडे आलेल्या कॅसेटमध्ये सर्वांत जास्त उतरते ती गझल, आणि बिगरइंग्रजी संगीतापुरते हे दशक खान्देशात गझलेचेच होते असे माझे मत आहे. याची कारणे दोन आहेत. एक तर रेकॉर्ड प्लेअर ही मोजक्या घरांची चैन होती, पण कापूस विकून हातात पैसे आले की टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) घेणे मध्यम शेतकऱ्यालाही परवडू लागले होते, आणि सहा-सात मिनिटांची गझल निवांत ऐकायला तासाभराची कॅसेट सोयीची होती. दुसरे असे की, उर्दू आपल्याला परकी नव्हती. मोगलांच्या खान्देश सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूर ही रावेरच्या पलीकडेच आहे, आणि भुसावळ, जळगाव, धुळे या गावांत मुशायऱ्याला जाणारा श्रोता आधीपासून होता. त्याला अवघड शब्द अडत नसत, आणि ज्याला अडत असत तो शेजाऱ्याला विचारून घेत असे.

तुमच्या खोक्यात ‘अर्थ’ आणि ‘साथ साथ’ या १९८२ सालच्या दोन चित्रपटांची गाणी एकत्र असलेली कॅसेट असण्याची शक्यता बरीच आहे. एका चित्रपटाला जगजित सिंग यांचे संगीत आणि मुख्यतः कैफी आझमी यांचे शब्द, दुसऱ्याला कुलदीप सिंग यांचे संगीत आणि जावेद अख्तर यांचे शब्द, अशी ही जोडी एचएमव्हीने एकाच कॅसेटवर आणली. दोन्हीकडे जगजित-चित्रा यांचेच आवाज असल्यामुळे ती चित्रपटगीतांची कॅसेट न वाटता सलग गझलेचा अल्बमच वाटते. चित्रपट न पाहिलेल्यांनीही ती घेतली, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या सर्वांत झिजलेल्या फितींमध्ये तिचा क्रमांक वरचा लागतो. त्याच वर्षीचा ‘द लेटेस्ट’ हा सुदर्शन फाकिर यांच्या रचनांचा अल्बम. त्यातली बालपणाची नज्म इतक्या वेळा मागे फिरवलेली असते की तिच्या आधीच्या काही सेकंदांत हटकून खरखर येते. पुढे १९८७ साली आलेला ‘बियाँड टाइम’ डिजिटल मल्टिट्रॅकवर (प्रत्येक आवाज आणि वाद्य वेगळे भरण्याच्या पद्धतीने) ध्वनिमुद्रित झालेला भारतातला पहिला अल्बम म्हणून ओळखला जातो. चांगल्या डेकवर, म्हणजे कॅसेट वाजवण्याच्या यंत्रावर, तो आजही स्वच्छ वाजतो, पण मनाने मी ‘द लेटेस्ट’च्या बाजूचा आहे, कारण वाद्यांची गर्दी नसल्याने त्यात शब्द आधी पोहोचतो.

गझलेतला संगीतदृष्ट्या सर्वांत भारदस्त अल्बम कोणता असे विचारलेत, तर मी बिनदिक्कत ‘मेराज-ए-गझल’ हे नाव घेईन. १९८३ सालच्या या अल्बमचे संगीत गुलाम अली यांचे आहे आणि गायला ते स्वतः व आशा भोसले आहेत. चित्रपटात तीन-चार मिनिटांत काम उरकण्याची सवय असलेली गायिका इथे एकेका ओळीवर थांबते, मुरकी घेऊन पुन्हा त्याच शब्दावर येते आणि तरीही तिची आपली ओळख सोडत नाही. हे ऐकताना दुकानात येणारी, शास्त्रीय संगीत शिकलेली मंडळीही बोलणे थांबवत असत. मेहदी हसन यांचा ‘कहना उसे’ (१९८५) हा याच पंक्तीतला, फरहत शहजाद यांच्या गझलांचा. तो कमी खपला, पण ज्याने घेतला त्याने मरेपर्यंत सोडला नाही. पंकज उधास यांचे ‘आहट’पासूनचे अल्बम आणि १९८६ सालच्या ‘नाम’ चित्रपटातले त्यांचे पत्राचे गाणे यांविषयी जाणकार नाक मुरडत, मात्र गल्फमध्ये नोकरीला गेलेल्या मुलाच्या घरी ती कॅसेट वाजत असे आणि तिथे समीक्षेला जागा नव्हती. १९८८ साली दूरदर्शनवर गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ मालिका आली. तिच्या कॅसेट नंतर अनेक वर्षे मागितल्या जात होत्या, आणि माझ्या मते तरुण ऐकणाऱ्याने गझलेत शिरायला हीच वाट घ्यावी.

आता इंग्रजी. या बाबतीत खान्देशात भुसावळचे स्थान वेगळे होते. मुंबईहून येणारा मार्ग इथे नागपूर आणि इटारसीकडे फुटतो, रेल्वेची मोठी वसाहत आहे, अँग्लो-इंडियन कुटुंबे होती, आणि रेल्वेतल्या माणसाचे मुंबईला जाणे-येणे नित्याचे होते. जळगावात जो अल्बम महिन्यांनी येत असे, तो भुसावळच्या वसाहतीत आधीच वाजून जुना झालेला असे. सीबीएस या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने १९८२ साली भारतात पाय रोवल्यावर अधिकृत कॅसेट मिळणे सोपे झाले, आणि नेमके त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आला. क्विन्सी जोन्स निर्माता, गाणी अवघी नऊ, त्यातली सात अमेरिकेत पहिल्या दहांत गेली, आणि १९८४ च्या ग्रॅमी समारंभात जॅक्सनला एका रात्रीत आठ पुरस्कार मिळाले. आकडे बाजूला ठेवले तरी या अल्बमची खरी परीक्षा मी ट्रकच्या केबिनमध्ये झालेली पाहिली आहे. रावेर-यावलची केळी घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या चालकांना इंग्रजीचा एक शब्द कळत नसे, पण फुटक्या स्पीकरवरही त्यातला बास आणि ड्रम वेगवेगळे ऐकू येत, म्हणून ते ‘तीच इंग्लिशवाली’ पुन्हा भरून मागत.

‘थ्रिलर’ला आणखी एक सोय लाभली होती. तो सुमारे ४२ मिनिटांचा, त्यामुळे सी-९० (एकूण नव्वद मिनिटांच्या) कॅसेटच्या एका बाजूवर पुरा बसत असे आणि दुसरी बाजू दुसऱ्या अल्बमला मोकळी राहत असे. डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’चे (१९८५) तसे नव्हते. हा अल्बम डिजिटल ध्वनिमुद्रणाचा आणि सीडीचा काळ आणणाऱ्यांपैकी एक. त्याच्या सीडीवर काही गाणी एलपीपेक्षा (मोठ्या तबकडीपेक्षा) लांब आहेत, आणि एलपीही ४५ मिनिटांहून थोडी मोठीच. शीर्षकगीत अगदी शेवटी असल्यामुळे, ज्यांनी एका बाजूवर तो भरून घेतला त्यांच्याकडे ते गाणे गिटार रंगात येताच तुटते. तुमच्या वडिलांच्या कॅसेटवर हाताने लिहिलेले हे नाव असेल आणि शेवट तुटलेला असेल, तर फीत खराब झाली असे समजू नका. ती तेवढीच होती. यू-टूचा ‘द जोशुआ ट्री’ (१९८७), पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’ (१९८६), प्रिन्सचा ‘पर्पल रेन’ (१९८४) हे जगभरच्या याद्यांत मानाने येतात आणि ते योग्यच आहे. आमच्याकडे मात्र ते मूठभर कॉलेजवयीन मुलांपुरते राहिले. त्यांतला ‘ग्रेसलँड’ मी आजही सुचवतो, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या वादकांची लय आपल्या कानाला लगेच जवळची वाटते.

इंग्रजी आणि हिंदी यांच्यामधला पूल म्हणजे ‘डिस्को दीवाने’. ‘कुर्बानी’तल्या गाण्याने १९८० साली नाझिया हसनचे नाव झाले आणि पुढच्या वर्षी बिद्दूच्या निर्मितीखाली तिचा आणि भाऊ जोहेबचा हा अल्बम आला. गायिका पंधरा-सोळा वर्षांची, आवाज काहीसा सानुनासिक, सूर साधा. चित्रपटाचा आधार नसलेला हिंदी पॉप अल्बम इतका खपू शकतो हे तोवर कोणाला वाटले नव्हते. लग्नातल्या बँडवाल्यांनी तो ऐकून ऐकून आपल्या वाद्यांवर बसवला, आणि आमच्या भागात बँड जे वाजवतो ते गाणे वरातीत मान्य झाले असे समजतात.

याच्या अगदी उलट नशीब ‘दिल पडोसी है’चे. राहुलदेव बर्मन, गुलजार आणि आशा भोसले यांचा हा दुहेरी अल्बम १९८७ च्या सप्टेंबरमध्ये आला, आणि माझ्या दुकानात तो फार हळू खपला. त्या काळी बर्मन यांच्याकडे चित्रपटांचे काम कमी झाले होते, लोकांना ठेक्याचे गाणे हवे होते, आणि हा अल्बम तर चालीला अनपेक्षित वळणे देणारा. आज जे माझ्याकडे रूपांतरासाठी येतात, त्यांच्याकडच्या या कॅसेट सहसा कोऱ्यासारख्या निघतात. तुमच्याकडे ती असेल तर ध्वनी उत्तम मिळेल, आणि सलग ऐकल्यास या दशकातला सर्वांत कल्पक हिंदी अल्बम कोणता यावर कदाचित आपले एकमत होईल.

मराठीत स्वतंत्र अल्बमपेक्षा चित्रपटांच्या आणि भक्तिगीतांच्या कॅसेट अधिक होत्या. ‘उंबरठा’ (१९८२) हा हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीताचा, सुरेश भट आणि वसंत बापट यांच्या शब्दांचा संच निर्विवाद वरचा. पण आमच्या मातीशी जवळचा म्हणाल तर ‘सर्जा’ (१९८७). त्यातली ना. धों. महानोर यांची गाणी ज्या पळसखेडच्या शिवारातून आली, ते गाव अजिंठ्याच्या डोंगराशी, जळगावहून फार लांब नाही, आणि पावसाच्या त्या गाण्यातले ओले रान आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नसे. बहिणाबाई चौधरींच्या कविता उत्तरा केळकर यांनी यशवंत देव यांच्या चालींवर गायल्या, त्या कॅसेट त्यांच्या माहेरच्या, असोद्याच्या आसपासच्या घरांत देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांचे ‘राम श्याम गुण गान’, श्रीनिवास खळे यांच्या संगीतातले, हिंदी असले तरी मराठी घरांत सकाळी लागायचेच. आणि ‘नवीन पोपट’? प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांच्या त्या गाण्याने दशकाच्या उत्तरार्धात लग्नसराई अक्षरशः व्यापली होती. सुशिक्षित गिऱ्हाईक ती कॅसेट मागताना आवाज खाली आणत असे, पण मागत असे. रसिकांची आवड मोजायची तर ती यादीतून वगळण्याचा अधिकार मला नाही.

खोका चाळताना प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावरची बारीक अक्षरे वाचायला विसरू नका. या दशकात कॅसेटचा धंदा एचएमव्हीसारख्या एक-दोन मोठ्या कंपन्यांच्या हातून सुटून टी-सिरीज, व्हीनस अशा नव्या कंपन्यांकडे आणि असंख्य छोट्या उत्पादकांकडे गेला आणि कॅसेटचे भाव बरेच उतरले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीनुसार, ठरावीक स्वामित्वशुल्क भरून जुने गाणे नव्या गायकाच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत होते. त्यामुळे बाहेर किशोरकुमार किंवा रफी यांचे चित्र आणि आत दुसराच आवाज, असे अनेकदा आढळते. या कॅसेट टाकाऊ नाहीत, त्यांतून पुढे चांगले गायक घडले, पण मूळ ध्वनिमुद्रण समजून त्या जपत बसण्यात अर्थ नाही. ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९) यांच्या मूळ कॅसेट अमाप खपल्या, आज त्यांचा स्वच्छ ध्वनी सर्वत्र मिळतो, तेव्हा त्यांच्यावर वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो नाव न लिहिलेल्या कॅसेटवर. तुम्ही त्यांचा उल्लेख शेवटी केला आहे, पण रूपांतराच्या क्रमात मी त्या सर्वांत आधी घेतो. अशा कॅसेटमध्ये आकाशवाणीवरून भरलेले कार्यक्रम असतात, कुठे एखाद्या मुशायऱ्याचे ध्वनिमुद्रण निघते, आणि आपल्याकडे बऱ्याचदा श्रावणातल्या कानबाईच्या (खान्देशातल्या देवीच्या) रोटांच्या उत्सवाच्या रात्री म्हटलेली अहिराणी गाणी असतात, ज्यात म्हणणारी आजी मध्येच थांबून कुणाला तरी चहा ठेवायला सांगते. एका घरातून आलेल्या कॅसेटवर पंकज उधास यांच्या गझलेच्या मधोमध अशी जात्यावरची ओवी सुरू झाली होती. कोणीतरी रेकॉर्डचे बटण दाबले होते आणि नंतर पुन्हा गझल चालू झाली होती. म्हणून छापील कॅसेटही दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय बाजूला काढू नयेत.

वाजवण्यापूर्वी करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत घाई चालत नाही. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मागच्या कडेवरच्या दोन प्लास्टिकच्या जिभल्या आधी तोडा, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. नमद्याची गादी गळून पडली असेल तर स्क्रूची कॅसेट उघडून दोन्ही चाकांसकट फीत नव्या आवरणात घालता येते. चिकटवलेल्या आवरणाला मात्र पाते लावून शिवणीवरून उकलावे लागते. तुटलेली फीत जोडायला घरातली पारदर्शक चिकटपट्टी कधीही वापरू नये. आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो, आणि मग एका ठिकाणी तुटलेली फीत चार ठिकाणी तुटते. यासाठी ३.८१ मिलिमीटर रुंदीची खास जोडपट्टी मिळते, तीच वापरावी. वर्षानुवर्षे न हललेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली की वेढ्यांचा ताण सारखा होतो. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा बरीच पातळ असल्याने ती फिरवताना डेकजवळून उठू नये.

रूपांतरासाठी बाजारात मिळणारी स्वस्त, खेळण्यासारखी यूएसबी यंत्रे घेऊ नका. त्यांचा वेग स्थिर राहत नाही आणि गझलेतला लांब स्वर थरथरू लागतो. जुना चांगला डेक घ्या, त्याचे रबरी पट्टे आणि रोलर बदलून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन कानाने जुळवा. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवताना एका बिंदूवर वरचे स्वर एकदम उघडतात, तिथे थांबायचे. ज्या कॅसेट मी आरंभी झिजलेल्या म्हटल्या, त्यांपैकी कित्येक या एका फिरवणीने जिवंत होतात, कारण दोष फितीचा नसून भरणाऱ्या यंत्राच्या कोनाचा असतो. ध्वनी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये घ्या. एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते, आणि आज ती महाग नाही. खरखर काढणारी प्रक्रिया मूळ फाइलवर न करता प्रतीवर करा. त्यातले व्यावसायिक अल्बम घरी ऐकण्यापुरते ठेवा, इंटरनेटवर चढवू नका, कारण त्यांचे हक्क कंपन्यांकडे आहेत.

या कॅसेट विकल्या तर काय मिळेल, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. चित्रपटगीतांच्या सामान्य कॅसेटला भंगारापलीकडे भाव नाही. सुस्थितीतल्या एलपींना मागणी आहे, पण तुमच्या खोक्यात त्या नाहीत. सीबीएसच्या भारतीय छपाईच्या इंग्रजी कॅसेट, मूळ कागदासह आणि न तुटलेल्या डबीत असल्या, तर संग्राहक थोडे पैसे देतात. ‘दिल पडोसी है’ची दुहेरी कॅसेट निघाली आणि विकायचीच असली, तर आधी मला कळवा.